थिनर सांडण्याची रंगीत तालीम

सावकाशरावांना सुरक्षा अधिकारी केलं, त्यात त्यांचा स्वतःचा काडीइतकाही दोष नव्हता. रंग आणि थिनरच्या त्या गोदामात ते हिशेबनीस होते. हिशेबनीस म्हणूनच निवृत्त व्हावं आणि शक्यतो धडधाकट व्हावं, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा. पण सरकारी तपासनिसांचा मालकांना फोन आला. गोदामात थिनर सांडलं तर तुमची माणसं काय करतात, ते आमच्यासमोर करून दाखवा, नाहीतर परवाना विसरा, असं ते म्हणाले. मालकांची नजर ऑफिसभर फिरली आणि सावकाशरावांवर येऊन थांबली.

"तुमच्याइतका घाबरट माणूस दुसरा कोण आहे आपल्याकडे?" मालक म्हणाले. हे कौतुक होतं. मालकांचं कौतुक असंच असायचं.

सावकाशराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. जिन्यावरून उतरणाऱ्याला, चहा पिणाऱ्याला, टेबलाचा खण ओढणाऱ्याला, इतकंच काय, शिंकणाऱ्यालाही ते "सावकाश" म्हणत, म्हणून लोकांनी त्यांना ते बहाल केलं होतं. त्यांनीही ते मुकाट्याने घेतलं होतं. घाबरणं हा त्यांच्या मते दोष नव्हता. जग ज्या पद्धतीने चाललं आहे ते पाहता, न घाबरणाऱ्यांचंच त्यांना आश्चर्य वाटे.

घरी बातमी सांगितली तेव्हा बायको लाटणं हातात धरून बघतच राहिली.

"तुम्ही? अहो, पाल दिसली तर खुर्चीवर चढता तुम्ही!"

"पालीचा आणि थिनरचा काय संबंध?"

"तेच म्हणते मी. पालीला तरी पळवून लावता येतं." मग तिचा आवाज बदलला. "आणि हे बघा, माझा भाऊ तिथे कामाला आहे. तुम्हीच चिकटवलात त्याला. त्याच्या अंगाला काही लागलं ना, तर घरी येऊ नका."

हे ती हसत म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण भावाच्या बाबतीत बायको हसत नसे. आईमागे तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढलेला तिला खपत नसे आणि सावकाशरावांनी लग्न झाल्यापासून तो काढला नव्हता. त्यामुळे ते वाक्य त्यांच्या पोटात जाऊन जे बसलं, ते हललंच नाही.

मालकांनी दिलेली सुरक्षेची पुस्तिका त्यांनी वाचून काढली आणि तिने उरलीसुरली झोपही नेली. थिनरची वाफ म्हणे हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते, कुठेतरी लांब असलेली ठिणगी गाठते आणि आग घेऊन आल्या वाटेने परत येते. हे वाचल्यापासून सावकाशराव गोदामात जमिनीकडे बघत चालू लागले. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांना ही काळजी बोलून दाखवली तर ते म्हणाले, "त्यात काय एवढं? बादलीभर पाणी ओतायचं की खेळ खलास." सावकाशरावांनी सांगितलं की पाण्यावर थिनर तरंगतं आणि आणखी पसरतं. मुख्याध्यापक म्हणाले, "मग दोन बादल्या ओता." वर आयुष्यभर विज्ञान शिकवल्याचा दाखलाही त्यांनी दिला.

आता मेहुणेबुवांकडे वळलं पाहिजे. मेहुणेबुवा गोदामात माल ठेवण्या-काढण्याच्या कामावर होते, पण ते पोटासाठी. जीव सगळा नाटकात. हौशी मंडळींच्या प्रत्येक नाटकात ते असत, बहुतेक वेळा मरत, आणि मेल्यावरही प्रेक्षकांचं लक्ष आपल्यावर राहील याची काळजी घेत. सुरक्षेची तालीम होणार हे कळताच ते भाऊजींच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"भाऊजी, दिग्दर्शन माझं."

"अरे, हे नाटक नाही. थिनर सांडलं, सगळे बाहेर गेले, वाळू टाकली, फोन केला. संपलं."

"तपासनीस जांभया देतील. जखमी कोण? संघर्ष कुठाय?"

"संघर्ष नकोच आहे आपल्याला!"

पण सावकाशरावांना नाही म्हणणं कधी जमलंच नव्हतं, मेहुण्याला तर नाहीच. दुसऱ्या दिवसापासून गोदामात तालमी सुरू झाल्या. मेहुणेबुवा थिनरचा डबा घेऊन येणार, पाय घसरून पडणार, डबा सांडणार आणि ते त्यात बेशुद्ध होणार. टायपिस्टबाई अंगणातल्या स्टुलावर ठेवलेल्या मोडक्या फोनवरून अग्निशमन दलाला फोन केल्याचा अभिनय करणार. सावकाशराव अंगावर केशरी जाकीट घालून सूचना देणार. डब्यात अर्थात पाणी असणार. चूक झाली की सावकाशरावांनी गळ्यातली शिट्टी फुंकायची, मग सगळ्यांनी आपापल्या जागी परत जाऊन पहिल्यापासून सुरू करायचं, असं ठरलं. शिट्टी इतकी वेळा वाजली की टायपिस्टबाई स्वप्नातही जागेवर परत जाऊ लागल्या.

"भाऊजी, तुम्ही फार सपक बोलता," मेहुणेबुवांनी सुनावलं. "कळवळून म्हणा, 'ही तालीम नाही हो, हे खरं आहे!' तपासनिसांच्या अंगावर काटा आला पाहिजे."

सावकाशराव कळवळून म्हणाले. पहिल्यांदा सगळे हसले, दुसऱ्यांदा कोणी लक्ष दिलं नाही, पुढे पुढे त्या वाक्यावर लोक चहाचा कप ठेवायला वळू लागले.

शेवटी धुराचा प्रश्न निघाला. आग म्हटली की धूर पाहिजे. ओल्या गोणपाटांनी भरलेली बादली दाराबाहेर ठेवायची आणि शिपाईमामांनी तिला काडी लावायची, अशी कल्पना मेहुणेबुवांनी मांडली. ती ऐकून सावकाशरावांचा चेहरा पांढराफटक पडला. दोन दिवस वाद झाला. अखेर तडजोड निघाली. खऱ्या थिनरचे सगळे डबे आतल्या खोलीत कुलूपबंद करायचे आणि मगच बादली पेटवायची. जखमी मेहुणेबुवा बाहेर आणल्यावर डोळे उघडून "आग!" असं ओरडतील, त्या शब्दाला मामांनी काडी ओढायची.

"'आग' ऐकलं की काडी. कोणीही म्हणो, कधीही म्हणो," मेहुणेबुवांनी मामांना पढवलं. मामांना या नाटकात हे एवढंच काम होतं आणि त्यांनी ते फार मनावर घेतलं. ते काडेपेटी खिशात न ठेवता हातातच धरून बसू लागले.

एवढ्यावर निभावलं असतं. पण पाण्याच्या डब्यावर 'थिनर' असं लिहिणं भाग होतं, नाहीतर तपासनिसांसमोर पाणी सांडून बोंब मारल्यासारखं झालं असतं. आणि ज्यावर थिनर लिहिलं आहे तो डबा थिनरच्या डब्यांबरोबरच कुलपात राहिला पाहिजे, हा नियम सावकाशरावांनी स्वतः घालून दिला होता. कोणी तहानलेला माणूस चुकून... ते पुढचा विचारही करू शकत नव्हते. ओळख पटावी म्हणून मेहुणेबुवांनी पाण्याच्या डब्यावर खडूने फुली मारली.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी सावकाशराव सगळ्यांच्या आधी आले. जमिनीवर आदल्या दिवशी मारलेली पिवळी पट्टी नीट वाळली आहे का ते पाहिलं, वाळूच्या बादल्या ओळीत लावल्या. आतल्या खोलीत गेले तर डब्यांवर धूळ. तपासनिसांच्या डोळ्यांत धूळ पहिली भरते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि एकूण एक डबा पुसून लख्ख केला.

तपासनीस वेळेवर आले. गोदामाच्या आत, दारापासून जरा बाजूला त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. ते बसले, पायावर पाय टाकला आणि "हं, होऊ द्या" म्हणाले. मालक त्यांच्यामागे हात बांधून उभे राहिले. सावकाशरावांनी शिट्टी फुंकली. मेहुणेबुवा आतल्या खोलीतून डबा घेऊन निघाले. डबा आज त्यांना हलका वाटला, पण प्रयोगाच्या दिवशी कलावंताला सगळंच हलकं वाटतं. खोलीत फुली दिसली नव्हती. सगळ्यांत पुढचा डबा आपलाच असणार, असं त्यांनी धरलं होतं. पट्टीपाशी त्यांचा पाय घसरला, डबा कलंडला आणि ते "आई गं!" म्हणून असे कोसळले की मालकांनीसुद्धा श्वास रोखला.

सावकाशरावांचा श्वास मात्र वेगळ्याच गोष्टीने अडकला. जमिनीवर पसरणाऱ्या द्रवात ती पिवळी पट्टी विरघळत होती. कडेने पिवळे ओघळ सुटले होते आणि ते मेहुणेबुवांच्या सदऱ्याकडे चालले होते.

पाण्याने रंग विरघळत नाही.

ओलं फडकं, पुसलेले डबे, त्यांच्याबरोबर पुसली गेलेली फुली, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून एका दमात गेलं. वास येत होता, पण त्या गोदामात वास रोजच यायचा. तिथे काम करणाऱ्यांच्या नाकाला थिनर म्हणजे हवाच. सावकाशरावांनी दाराकडे पाहिलं. उंबऱ्यापलीकडे गोणपाटांची बादली होती आणि बादलीशेजारी शिपाईमामा, हातात काडी आणि काडेपेटी धरून, कान टवकारून. मधली जमीन उताराची होती, आणि तो उतार दाराकडेच जात होता.

"थांबा!" सावकाशराव म्हणाले. "थांबा सगळे! ही तालीम नाही हो, हे खरं आहे!"

टायपिस्टबाईंनी समाधानाने मान डोलावली. आज कळवळा अगदी बरोबर लागला होता. तपासनीस खुर्चीत पुढे सरकले.

"वा," ते मालकांना म्हणाले, "वासाचीसुद्धा सोय केलीत!"

"अहो साहेब, बाहेर जा! हे थिनर आहे! खरं थिनर!"

"हो, हो, दिसतंय," तपासनीस कौतुकाने म्हणाले आणि बसून राहिले.

सावकाशरावांनी गळ्यातली शिट्टी पकडली आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून फुंकली. त्याबरोबर बाहेर पडायला निघालेली चार माणसं वळली, आत आली आणि आपापल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

आता काय म्हणायचं? 'आग लागेल' म्हणायची सोय नव्हती. 'आग' म्हटलं की काडी. 'काडी ओढू नका' असं लांबून म्हणावं तर मामांना त्यातला कोणता शब्द इशारा वाटेल, याची खात्री नव्हती. सावकाशराव धावत दारापर्यंत गेले आणि मामांच्या हातावर झडप घातली. मामांनी काडेपेटी पाठीमागे नेली.

"मामा, ती द्या इकडे!"

"ते तालमीत नव्हतं, साहेब."

"नव्हतं, पण आता आहे! द्या!"

"आख्ख्या नाटकात मला हे एवढंच काम," मामा दुखावून म्हणाले, "आणि ते पण आयत्या वेळी काढून घेता? तुम्ही जा, तुमचं बघा. मी शब्द आल्याशिवाय हलणार नाही."

म्हाताऱ्याची मूठ लोखंडाची होती. ओढाताणीत काडी पेटीवर घासली तर, या विचाराने सावकाशरावांनीच हात सोडला. मामा शब्द आल्याशिवाय हलणार नाहीत, एवढाच काय तो आधार. शब्द येऊ द्यायचा नाही. आणि शब्द ज्याच्या तोंडून यायचा, तो तिकडे थिनरमध्ये पडला होता.

ते परत फिरले. मेहुणेबुवा पालथे पडले होते, गाल जमिनीला टेकलेला, डोळे मिटलेले.

"ऊठ," सावकाशराव त्याच्या कानाशी लागले. "अरे, खरं थिनर आहे. ऊठ लवकर."

मेहुणा हलला नाही. प्रसंगाशी इमान राखायचं, कोणी कानात काही सांगितलं तरी पापणी हलवायची नाही, असं त्याने स्वतःच सगळ्यांना बजावलं होतं. सावकाशरावांनी त्याला चिमटा काढला. काही नाही. पोटाला गुदगुल्या केल्या. या माणसाला लहानपणापासून गुदगुल्या सहन होत नसत, बायको नेहमी सांगायची. तरी काही नाही. हा अभिनय करतोय की अभिनय केव्हाच संपला, हे कळायला मार्गच नव्हता.

त्यांचे स्वतःचे डोळे चुरचुरत होते, डोकं हलकं व्हायला लागलं होतं. पाल दिसली तर खुर्चीवर चढणारे सावकाशराव त्या पिवळ्या ओल्या जमिनीवर गुडघे टेकून बसले, मेहुण्याच्या दोन्ही बगलांत हात घातले आणि त्याला ओढू लागले. मेहुणेबुवा बहिणीच्या हाताचं खाऊन वाढलेले होते. सावकाशराव ओढत होते, घसरत होते, पुन्हा उठत होते आणि तोंडाने सारखं "सावकाश, सावकाश" म्हणत होते, कोणाला ते त्यांनाही माहीत नव्हतं. कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली.

"हे हिशेबनीस आहेत?" तपासनिसांनी विचारलं. मालक अभिमानाने हो म्हणाले.

दाराबाहेर, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे वारा होता तिथे, सावकाशरावांनी त्याला उताणा निजवला. थिनरने भिजलेला सदरा फाडून काढला आणि लांब फेकला. नळाखालची बादली आणून त्याच्या तोंडावर, छातीवर पाणी ओतलं. तपासनीस, मालक, टायपिस्टबाई, सगळे पुढचा प्रवेश चुकू नये म्हणून एव्हाना बाहेर येऊन भोवती उभे राहिले होते. मेहुण्याचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता.

"बाई, फोन करा," सावकाशराव म्हणाले.

टायपिस्टबाई स्टुलाकडे धावल्या आणि मोडका फोन उचलून "हॅलो, अग्निशमन दल?" असं इतकं सुरेख म्हणाल्या की सावकाशरावांना रडू कोसळलं.

"अरे ऊठ रे," ते मेहुण्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाले. "ऊठ, तुझ्या पाया पडतो. मी फडकं मारलं रे डब्यांवर. माझंच चुकलं. तुझ्या ताईला काय सांगू मी? घरी कुठल्या तोंडाने जाऊ?"

तपासनिसांनी खिशातून रुमाल काढून डोळे टिपले.

आणि मेहुणेबुवांच्या पापण्या हलल्या. त्यांना खोकल्याची उबळ आली, पोटातलं सगळं बाहेर पडलं, मग त्यांनी डोळे उघडले. डोळे लाल होते आणि कुठेतरी लांब बघत होते. पण कलावंत तो कलावंत. आपण कुठे आहोत हे कळायच्या आधी आपलं पुढचं वाक्य कोणतं, हे त्यांना आठवलं. त्यांनी कोपरावर जोर देऊन मान उचलली, भोवतालच्या प्रेक्षकांकडे पाहिलं, छातीत हवा भरून घेतली.

गोदामाच्या दारात शिपाईमामांनी काडी पेटीवर टेकवली.

"आ..." मेहुणेबुवा म्हणाले.

सावकाशरावांनी त्यांच्या थोबाडीत मारली.

त्या थपडेचा आवाज अंगणाच्या भिंतीवर आपटून परत आला. त्यानंतर मात्र कोणी टाळी वाजवली नाही. सावकाशरावांनी आजवर माशीसुद्धा मारली नव्हती, आणि बायकोच्या भावावर हात टाकणारा जावई तर त्यांच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. कळवळ्याने, शिट्टीने, रडण्याने जे झालं नव्हतं ते त्या एका थपडेने झालं. एक एक करून सगळ्यांच्या चेहऱ्यावरचे भाव उतरले आणि सगळ्यांच्या नाकांना अचानक वास यायला लागला.

"म्हणजे," तपासनीस हळूच म्हणाले, "ते खरंच..." आणि वाक्य पूर्ण करायला ते फाटकाबाहेर, रस्ता ओलांडून, समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिले. शिपाईमामांनी हातातल्या काडेपेटीकडे विंचवाकडे बघावं तसं पाहिलं, जपून पावलं टाकत नळाशी आले आणि ती पाण्याच्या पिंपात बुडवून धरली. बराच वेळ धरून ठेवली. टायपिस्टबाई मोडका फोन टाकून शेजारच्या दुकानात पळाल्या आणि तिथून त्यांनी खरा फोन केला. तो करताना त्यांना पत्तासुद्धा धड सांगता येईना.

अग्निशमन दलाची माणसं आली. त्यांनी सगळ्यांना आणखी लांब नेलं, कोणी एकही बटण दाबायचं नाही म्हणून दम भरला, सांडलेल्यावर फेस मारला, नंतर वाळू टाकून ती लाकडी फावड्यांनी भरून नेली. तपासनिसांनी रस्त्यापलीकडूनच ओरडून सांगितलं की परवान्याचं नंतर बघू आणि सुरक्षा अधिकारी मात्र बदलू नका. मालकांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मेहुणेबुवांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, पाठीवरच्या लालसर कातडीला मलम लावलं आणि आणखी थोडा वेळ तिथे पडून राहिला असता तर सांगता येत नव्हतं, असं म्हणून घरी सोडलं. गालाबद्दल ते काही बोलले नाहीत.

दोघं रिक्षाने घरी निघाले.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "ताईला नका सांगू."

"गालाचं काय करशील?"

मेहुण्याने गालाला हात लावला. पाचही बोटं उठली होती.

"पडलो म्हणेन."

"पाच ठिकाणी?"

बायकोने दार उघडलं. तिने आधी भावाकडे पाहिलं, त्याच्या अंगावरच्या दवाखान्याच्या ढगळ सदऱ्याकडे पाहिलं, मग गालाकडे. तिचा चेहरा बघून सावकाशराव एक पाऊल मागे सरकले. थिनरमध्ये गुडघे टेकताना ते इतके घाबरले नव्हते.

"हे कोणी केलं?"

"मी," सावकाशराव म्हणाले.

आणि मग उंबऱ्याबाहेरच उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं. फडकं सांगितलं, फुली सांगितली, मामांची काडी सांगितली, ह्याची पापणी कशी हलत नव्हती तेही सांगितलं. मेहुणा खाली बघत होता. सगळं ऐकून झाल्यावर बायको पुढे आली, भावाची हनुवटी धरून तिने त्याचा गाल उजेडाकडे वळवला, नीट निरखून पाहिला.

"एकच मारलीत?" तिने नवऱ्याला विचारलं.

मग दोघांनाही आत यायला वाट देऊन ती स्वयंपाकघरात गेली. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला, भांडं एकही वाजलं नाही, आणि नळ बराच वेळ बंद झाला नाही.